सहामाहीपर्यंत येत होतं, मग आता काय झालं?

प्रश्न : घरात तीन मुलं आहेत. धाकटी पहिलीत, मधला तिसरीत आणि जावेची मुलगी पाचवीत. संध्याकाळी तिघांचा अभ्यास पत्र लिहिणाऱ्या ताई एकट्या घेतात. सहामाहीपर्यंत सगळं सुरळीत होतं. थंडी सुरू झाली आणि तिघंही एकदम अडखळू लागली. धाकटीला सगळी अक्षरं येतात, पण ‘क… म… ळ…’ असं वाचून झाल्यावर शब्द कोणता ते सांगता येत नाही. ‘चौतीस’ लिहायला सांगितलं की ४३ लिहिते. मधल्याचे बारापर्यंतचे पाढे पाठ आहेत, तरी शाब्दिक उदाहरण दिलं की दिसतील त्या संख्यांची बेरीज करून मोकळा होतो, आणि ४०२ मधून १५६ वजा केले तर उत्तर ३५४ लिहितो. पाचवीतली १/२ + १/३ = २/५ म्हणते आणि चूक दाखवली की रडते. ताईंच्या मते तिघंही मागे पडली आहेत. हिवाळ्याच्या सुट्टीत पहिल्या धड्यापासून सगळी उजळणी घ्यायची, असं त्यांनी ठरवलं आहे. घरातले म्हणतात, त्यापेक्षा शिकवणी लावा. काय करावं?

उत्तर :

ताई, तुम्ही चुका जशाच्या तशा लिहून पाठवल्यात हे फार बरं केलंत. ‘गणितात कच्चा आहे’ एवढंच लिहिलं असतं तर त्यावर सांगण्यासारखं काही नव्हतं. ‘३५४ लिहितो’ यावर मात्र पुष्कळ सांगता येतं.

पण आधी ‘मागे पडली’ या शब्दांकडे बघू. शाळेच्या वर्षाचा पहिला भाग बहुतेक इयत्तांमध्ये ओळखीचा असतो : मागच्या वर्षाची उजळणी, एका पायरीची उदाहरणं, सुटी अक्षरं. मध्यावर अभ्यास नुसता वाढत नाही, त्याची जातच बदलते. पहिलीत अक्षरांचे शब्द होतात. दुसरीत वजाबाकीला हातचा लागतो. तिसरीत पाढा म्हणायचा नसतो, वापरायचा असतो. चौथीत चार पायऱ्यांचा भागाकार येतो. पाचवीत दोन संख्या मिळून एक अपूर्णांक होतो आणि पूर्ण संख्यांचे नियम तिथे लागू पडत नाहीत. शाळेनुसार क्रम महिना-दोन महिने पुढेमागे होईल, पण हे सांधे चुकत नाहीत. तुमची तिन्ही मुलं नेमकी आपापल्या सांध्यावर अडली आहेत. वाट बदलल्यावर पाय अडखळला, तर त्याला मागे पडणं म्हणता येणार नाही.

म्हणूनच पहिल्या धड्यापासून उजळणी नको. त्यात बहुतेक वेळ जे येतं तेच पुन्हा करण्यात जाईल, आणि अडलेला सांधा येईपर्यंत सुट्टी आणि मुलांचा उत्साह दोन्ही संपलेले असतील.

सुरुवात मधल्यापासून करते, कारण त्याचा पेच सर्वात बोलका आहे. ४०२ − १५६ = ३५४ हा अंदाजपंचे ठोकलेला आकडा नाही. प्रत्येक रकान्यात त्याने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : ६ मधून २ गेले ४, ५ मधून ० गेले ५, ४ मधून १ गेला ३. म्हणजे त्याच्याकडे एक नियम आहे आणि तो इमानेइतबारे पाळतो. नियमच चुकीचा आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये हेच मांडलं होतं की मुलांच्या आकडेमोडीतल्या चुकांपैकी पुष्कळशा निष्काळजीपणाच्या नसतात, त्यांच्यामागे ठरावीक चुकीची रीत असते. त्यामुळे ‘नीट लक्ष दे’ म्हणून ही चूक जात नाही. तो लक्ष देऊनच चुकतो आहे.

खात्री करायची तर तीन वजाबाक्या द्या : ६८ − २३, ५२ − २७ आणि ४०२ − १५६. पहिली बरोबर, दुसरीचं उत्तर ३५ आणि तिसरीचं ३५४ आलं, तर निदान पक्कं. दुसरी बरोबर आली (२५) आणि फक्त तिसरी चुकली, तर अडचण मधल्या शून्याची आहे. उत्तर २५६ असेल तर शतक मोडून दहा दशकं केली, पण त्यातलं एक एककाला दिल्यावर नऊच उरतात हे निसटलं. ३४६ असेल तर शून्याचे नऊ केले, पण शतक कमी करायचं राहिलं. वही तपासताना नुसती लाल फुली मारली की ही सगळी माहिती वाया जाते.

उपाय काड्यांचा. ५२ काड्या घ्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून बांधा, दोन सुट्या ठेवा. आता २७ काढून दे म्हणा. सुट्या दोनच आहेत, सात हव्या आहेत. रबर सोडल्याशिवाय गत्यंतर नाही. रबर त्यानेच सोडायचं, तुम्ही नाही. दोन दिवस काड्या, मग दोन दिवस कागदावर उभ्या रेघा (दशक) आणि ठिपके (एकक), त्यानंतर अंक. घरोघरी घाई होते ती इथे : एक उदाहरण काड्यांनी जमलं की काड्या उचलून ठेवतात. दुसरी गडबड ‘शेजाऱ्याकडून एक उसना घे’ या वाक्याची. त्यात एक घेतला की दहा, हे कळत नाही. (आणि उसना घेतलेला कधी परतही होत नाही, हे मुलांच्या लक्षात येतं.) त्याऐवजी ‘एक दशक मोड’ म्हणा. शून्य मध्ये असलेल्या वजाबाकीला तर आणखी सोपी वाट आहे : ४०२ म्हणजे ४० दशकं आणि २ एकक. एक दशक मोडलं, उरली ३९ दशकं आणि १२ एकक. १२ मधून ६ गेले ६, ३९ मधून १५ गेले २४. उत्तर २४६. दोनदा हातचा घेण्याची भानगडच नाही.

आता पाढे. बारापर्यंत पाठ आहेत, छान. पण ‘सात आठे?’ विचारल्यावर तो ‘सात एके सात’पासून चढत येतो का, ते बघा. तसं असेल तर त्याला पाढ्याची चाल येते, गुणाकार येत नाही. ही अडचण दिसते त्यापेक्षा लहान आहे. दहापर्यंतच्या पाढ्यांत १०० गुणाकार. ७ × ८ आणि ८ × ७ एकच, म्हणून ५५ उरले. १, २, ५ आणि १० चे बहुतेकांना येतात, ते काढले की २१. नवाच्या पाढ्यात उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच येते आणि दशकाचा अंक गुणकापेक्षा एकने कमी असतो (९ × ७ : दशक ६, एकक ३). तेही बाजूला ठेवले तर घोकायचे उरतात फक्त १५. प्रत्येकाची चिठ्ठी करा. रोज तीन नवीन, आणि आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या पिसून. तीन सेकंदांत उत्तर आलं तर चिठ्ठी डाव्या डब्यात, नाही तर उजव्या. उजवा डबा रोज, डावा चौथ्या दिवशी. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि मग मंदावतो, हे हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं होतं. म्हणून एका दिवशी तासभर घोकण्यापेक्षा सहा दिवस पाच-पाच मिनिटं जास्त टिकतात.

शाब्दिक उदाहरणांची गोष्ट वेगळी. १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे शिक्षकांच्या एका गटाने प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारलं होतं : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेकांनी दोन्ही आकड्यांची बेरीज करून ३६ सांगितलं. मुलं बावळट नव्हती. शाळेतल्या प्रश्नात दिलेल्या सगळ्या संख्या वापरायच्या असतात आणि उत्तर असतंच, एवढं ती शिकली होती. तुमचा मुलगाही तेच करतो आहे. ‘एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी’ असे खुणेचे शब्द पाठ करून घेतले तर हा रोग बळावतो. ‘४ डब्यांत प्रत्येकी ६ पेन्सिली आहेत, त्यांतल्या ५ तुटल्या, एकूण चांगल्या किती?’ इथे ‘एकूण’ शब्द आहे आणि बेरीज कुठेच नाही.

आठवडाभर असं करा : उदाहरण वाचताना संख्या गाळा. ‘काही डबे आहेत, प्रत्येकात सारख्या पेन्सिली आहेत, त्यांतल्या काही तुटल्या.’ मग विचारा, गोष्टीत काय घडलं? चित्र काढायला लावा, चार चौकोन पुरेत. त्यानंतर संख्या द्या. रोज दोनच उदाहरणं, आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यात एक असं घाला ज्याला उत्तरच नाही. ‘हे सांगता येत नाही’ असं तो बिनधास्त म्हणू लागला की समजा, वाचू लागला.

धाकटीकडे वळू. तिला अक्षरं येतात म्हणजे अर्धं काम झालं आहे. अडचण अशी की सुटं वाचताना ती प्रत्येक अक्षरातला ‘अ’ पूर्ण म्हणते : क-अ, म-अ, ळ-अ. बोलताना मात्र आपण ‘कमळ्’ म्हणतो, शेवटचा ‘अ’ गिळतो. त्यामुळे तिने उच्चारलेल्या तीन तुकड्यांत तिला ओळखीचा शब्द ऐकूच येत नाही. ‘जोरात वाच’ म्हणून उपयोग नाही. दोन अक्षरांवर बोट ठेवून एका दमात ‘कम्’, मग तिसरं उघडून ‘कमळ्’. सरकत्या कागदाची पट्टी ठेवा आणि अक्षरं एकेक करून उघडा. रोज सहा शब्द, पाच मिनिटं.

काना-मात्रांना बाराखडीच्या क्रमाने म्हणवून घेऊ नका. ती चालीवर धावते. कु, के, का, कि असे उलटसुलट विचारा. पहिल्या वेलांटीचं चिन्ह अक्षराच्या आधी दिसतं आणि उच्चार नंतर येतो, तिथे मुलं हमखास थबकतात. घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. आणि आठवड्यातून एकदा ‘मिपू’, ‘टोलके’, ‘गसाबी’ असे अर्थ नसलेले शब्द वाचायला द्या. ते वाचले तर ती खरंच वाचते आहे. अडली तर आतापर्यंत चित्रावरून आणि अंदाजाने चालवत होती.

चौतीसचे ४३ होण्यात तर दोष आपल्या भाषेचा, तिचा नाही. ‘चौ’ आधी ऐकू येतो म्हणून ती ४ आधी लिहिते. एकोणतीसमध्ये तर ‘तीस’ ऐकू येतं आणि लिहायचे २९. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही चाल आणि नव्याण्णवला अचानक निराळी. तिला आधी दशकाची चिठ्ठी उचलायला लावा (३०), मग एककाची (४) तिच्या शून्यावर ठेवू द्या. तोंडाने ‘तीस आणि चार, चौतीस’. पंधरवडाभर लिहिण्याआधी चिठ्ठ्या, मग पेन्सिल. अंक उलटे लिहिते म्हणून लगेच धास्ती घेण्याचं कारण नाही.

पाचवीतल्या मुलीशी मात्र चुकीबद्दल बोलण्याआधी तिच्या उत्तराची तिलाच परीक्षा घेऊ द्या. १२ सेंटिमीटर लांबीच्या कागदाच्या तीन सारख्या पट्ट्या कापा. पहिलीचा अर्धा भाग रंगवा : ६ सेंमी. दुसरीचा एक तृतीयांश : ४ सेंमी. तिसऱ्या पट्टीवर तिच्या उत्तराचे २/५ मोजा : ४.८ सेंमी. म्हणजे अर्ध्यात काही मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं! हे तिने स्वतः पाहिलं की रडण्याचं निम्मं कारण संपतं, कारण चूक तुम्ही दाखवलेली नसते, पट्टीने दाखवलेली असते. मग ६ आणि ४ मिळून १२ पैकी १०, म्हणजे ५/६. समच्छेद करणं म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच मापाच्या तुकड्यांत कापणं, लसावि त्यानंतर. पट्ट्यांची लांबी वेगळी झाली तर सगळा खेळ फसतो, तेवढं सांभाळा.

दशांश अपूर्णांक सुरू झाले असतील तर ०.३५ आणि ०.४ मध्ये मोठा कोणता, हे विचारून ठेवा. ‘पस्तीस चारपेक्षा मोठे’ म्हणून ०.३५ सांगणारी मुलं ढीगभर. दशांश चिन्हानंतरचे अंक सुटे वाचायची सवय लावा, ‘तीन पाच’; ‘पस्तीस’ म्हणायचं तर ‘पस्तीस शतांश’ असं पुरतं म्हणायचं.

ज्यांच्या घरी चौथीतलं मूल आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ६१८ ÷ ६ = १३ असं उत्तर आलं तर मधलं शून्य गळलं आहे. भागाकार मांडण्याआधी ‘६०० ला ६ ने भागले तर साधारण शंभर’ एवढं तोंडी म्हणवून घ्या, १३ आपोआप खटकेल. चौकटीची वही वापरा, एका चौकटीत एक अंक. आणि पाढा आठवायलाच दहा सेकंद लागत असतील तर भागाकाराच्या पायऱ्या डोक्यात राहत नाहीत. तिथे आधी वरच्या पंधरा चिठ्ठ्या. दुसरीतल्या वाचनात यावेळी बहुतेकांना ‘र’ छळतो, कारण तो जोडाक्षरात चार रूपं घेतो : सूर्य, चक्र, राष्ट्र, वाऱ्यावर. चारही एकाच दिवशी नकोत, आठवड्याला एक रूप.

तिघांना एकत्र बसवून करता येईल असं एक काम थंडीतच जमतं. ३० सेंमीची काठी मातीच्या गोळ्यात सरळ उभी करा आणि आठवड्यातून एकदा, सूर्य सर्वात उंच असतो त्या वेळी, तिची सावली मोजा. पहिलीतल्या मुलीने टोकाशी खूण करायची आणि ‘लांब झाली की आखूड’ सांगायचं. तिसरीतल्याने सेंटिमीटर मोजून तक्ता करायचा. पाचवीतलीने आलेख काढायचा. उत्तर गोलार्धात २० अंश अक्षांशावर २१ डिसेंबरच्या आसपास सावली सुमारे २८.५ सेंमी भरेल आणि २१ मार्चला ११ सेंमीच्या जवळपास. ४० अंशांवर तीच ६० आणि २५. मग पाचवीतलीला विचारा, हिवाळा का येतो? ‘सूर्य लांब जातो म्हणून’ असं ती म्हणाली तर सांगा की पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वात लांब, १५.२ कोटींवर. कारण तिच्या आलेखातच आहे : आस कललेली असल्यामुळे सूर्य आकाशात खाली राहतो, किरण तिरपे पडतात आणि दिवसही लहान होतो.

शिकवणीबद्दल. ती वाईट नाही, पण शिकवणीतही बहुधा शाळेचाच धडा पुन्हा घेतला जाईल, आणि तुमच्या मुलांना धडा कमी पडलेला नाही. वर सांगितलेलं सहा आठवडे रोज करून काहीच हललं नाही, किंवा तुम्हाला वेळच मिळत नसेल, तर जरूर लावा. लावताना ‘गणित घ्या’ म्हणू नका. ‘हातच्याची वजाबाकी, शून्य असलेली’ असं नेमकं सांगा.

वेळ धाकटीला दहा मिनिटं, मधल्याला पंधरा, मोठीला वीस, एकामागून एक. मोठीला आधी स्वतःचं काम देऊन बसवा आणि धाकटीला सर्वात आधी मोकळी करा, ती दमते. सुट्टीत चार दिवस पूर्ण कोरडे गेले तरी चालेल. पुन्हा सुरू करताना नवीन काही न घेता उजव्या डब्यापासून सुरू करा.

दोन गोष्टी मात्र अभ्यासाच्या बाहेरच्या आहेत. थंडीत सर्दीने कान बसतात, कानाच्या पडद्यामागे पाणी साचून काही आठवडे कमी ऐकू येऊ शकतं. धाकटी ‘काय?’ असं वारंवार विचारत असेल, प-फ, त-थ मध्ये गोंधळत असेल, तर आधी कान तपासून घ्या. नजरही. आणि दोन महिने रोज नीट सराव होऊनही शब्द जुळत नसतील, तर शिक्षकांशी बोलून वाचनाच्या अडचणींची तज्ज्ञांकडून चाचणी करून घ्यायला संकोचू नका.

दुसरी गोष्ट हजेरीची. नवी रीत शाळेत दोन-तीन दिवसांतच शिकवून होते, पुढे नुसता सराव. मधला त्याच दिवसांत तापाने घरी असेल, तर त्याला पुढची सगळी उदाहरणं दिसली, पण रीत कधी दिसलीच नाही. शिक्षकांना भेटाल तेव्हा ‘कसा आहे अभ्यासात?’ असं विचारू नका, ‘बरा आहे, लक्ष द्या’ एवढंच उत्तर येईल. विचारा : हातच्याची वजाबाकी कोणत्या तारखांना शिकवली, आणि तेव्हा हा वर्गात होता का?